चौसष्टपर्यंत चालणारं मशीन

नीउर्काचा एक नियम होता. कुठलंही संगणकाचं मशीन दुरुस्तीला आलं की ती त्याला आधी हात लावायची नाही. समोर स्टूल ओढायची, भाजलेल्या वाटाण्याची भेसळ असलेली रेशनची काळी कॉफी घोटघोट प्यायची आणि म्हणायची, "तीनदा बंद पडू दे. मग बघते."

लोक वैतागायचे. "अगं बाई, पडतंय म्हणून तर आणलंय ना!"

"पडतंय ते कळलं. कसं पडतंय ते बघू दे की."

आणि तिसऱ्यांदा पडलं की हिला कळलेलं असायचं. बोका दे हिकाको या गावात तिच्यासारखं दुसरं माणूस नव्हतं, हे काय उगाच सांगायचं म्हणून सांगत नाही. खारा वारा इथं सहा महिन्यांत लोखंड खातो, वीज दिवसातून दोनदा जाते. सुटा भाग हवा तर तो कुणाच्या तरी मायामीतल्या मावशीच्या बॅगेतून यायचा. अशा गावात बारा-बारा वर्षांची मशीनं चालती ठेवली ती एकट्या नीउर्कानं. जिल्ह्याच्या होल्गिन शहरातून मोठमोठे शिकलेले तंत्रज्ञ यायचे, कागद लिहून जायचे. ते गेले की मग हिला हाक.

तिची आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. थोरला भाऊ रिगोबेर्तो तेव्हा एकवीसचा. त्यानं सहावीत शाळा सोडलेली, पण होडी बांधावी तर त्यानंच. किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या, आणि त्यातली एकही कधी बुडाली नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. त्यानंच बहिणीला वाढवलं. पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून हमरस्त्यापर्यंत सोडायचा, तिथनं ती ट्रकच्या मागं उभी राहून तंत्रशाळेत जायची. चार वर्षं. ती सरकारी संगणक क्लबात नोकरीला लागली त्या दिवशी रिगोनं गल्लीभर डुकराचं मटण वाटलं.

"डॉक्टर माणसाची नाडी बघतो," तो म्हणायचा, "आमची बारकी लोखंडाची बघते. आहे का कुणाकडं अशी बहीण? दाखवा."

"रिगो, पुरे," ती म्हणायची. पण तिला आवडायचंही. खोटं कशाला बोला.

घरात ती ज्या टेबलावर काम करायची ते टेबल म्हणजे बंदर कचेरीतली जुनी फळी. पूर्वी कचेरीच्या भिंतीवर देवदाराची ही मोठी फळी होती, तिच्यात नव्वद खिळे. होडी समुद्रात निघाली की तिच्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला खिळ्यावर अडकवायचा, परत आली की काढायचा. परवानगीशिवाय होडी निघत नाही, आणि कोण बाहेर आहे हे कचेरीला माहीत असलंच पाहिजे, हा इथला कायदा. मग मशीन आलं, यादी मशीनमध्ये गेली आणि फळी अंगणात पडली. रिगोनं ती उचलून आणली, खिळे उपटले, उलटी करून पाय ठोकले. वरून गुळगुळीत टेबल. खालून बोट फिरवलं तर अजून नव्वद भोकं लागायची.

एका साली एप्रिलमध्ये एके दुपारी रिगो पेरूच्या वडीचा आख्खा ठोकळा घेऊन घरी आला. नुसता फुललेला.

"बारके, आज मी मशीन दुरुस्त केलं. बंदरावरचं. एकट्यानं!"

नीउर्का हसली. "वायर खोचली असशील सुटलेली."

"वायर म्हणे! मिरेयाला विचार जाऊन. टाळ्या वाजवल्या कचेरीतल्यांनी."

मिरेया म्हणजे बंदर कचेरीतली कारकून, होड्यांची यादी ठेवणारी. नीउर्कानं तिला विचारलं नाही. परक्या कुणी असं सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथं स्टूल ओढून बसली असती, काय केलं, कसं केलं, पहिल्यापासून सांग म्हणून. भावाला तिनं काहीच विचारलं नाही. वडी कापली आणि दोघांनी खाल्ली.

जूनमध्ये तांबोशीची धाव आली. वर्षातून एकदा, पौर्णिमेच्या आसपास, तांबोशी मासा झुंडीनं किनाऱ्याजवळ येतो. तेव्हा ज्याच्याकडं तरंगणारं काही आहे तो प्रत्येक जण बाहेर पडतो. एरवी दिवसाला तीस होड्या निघायच्या, फार तर चाळीस. त्या सकाळी एकाहत्तर निघाल्या.

मिरेयानं एकाहत्तर होड्या मशीनमध्ये घातल्या, प्रत्येकाच्या हातात शिक्क्याची चिठ्ठी दिली. कागदाची टंचाई, म्हणून दुसरी प्रत ठेवायची पद्धत केव्हाच बंद झालेली. मग तिनं यादी सेव्ह केली आणि प्रोग्राम पडला. खिडकी मिटली, झालं. पुन्हा उघडला तर आजची यादी गायब. मशीनच्या हिशेबानं सगळ्या होड्या धक्क्याला बांधलेल्या.

होड्या तर केव्हाच निघून गेलेल्या. तिनं आठवून आठवून पुन्हा घातल्या, अडुसष्ट. सेव्ह केलं, पुन्हा पडला. खिडकीबाहेर बर्फासाठी, डिझेलसाठी माणसं ओरडत होती. तिसऱ्यांदा तिला चौसष्टच आठवल्या. या वेळी यादी टिकली. तिनं कपाळ पुसलं, आणि पुढच्या कामाला लागली.

सात होड्या राहून गेल्या. त्यातल्या सहा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत आपोआप परत आल्या, कुणाला काही कळलंही नाही. सातवी, अठ्ठावन्न नंबरची, आली नाही.

ती एउसेबिओची होडी. साठीला आलेला माणूस, गावातला सगळ्यात सावकाश बोलणारा. बरोबर त्याचा जावई वाल्फ्रीदो. इंजिन बंद पडलं आणि प्रवाहानं होडी बाहेर ओढत नेली. एउसेबिओची बायको फेलिसिया संध्याकाळीच कचेरीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मिरेयाची पाळी संपली होती. दुसऱ्या कारकुनानं मशीनकडं बघितलं आणि सांगितलं, "मावशी, अठ्ठावन्न बाहेर गेलेलीच नाही. पलीकडच्या खाडीत लावली असेल कुठं तरी."

दोन दिवस ती बाई खिडकीशी उभी होती. तिसऱ्या दिवशी मिरेयाची पाळी आली, तिला एउसेबिओच्या हातात दिलेली शिक्क्याची चिठ्ठी आठवली, आणि मग शोधायला लाँच निघाली. होडी सापडली चौथ्या दिवशी. वाल्फ्रीदो जिवंत होता. एउसेबिओ आदल्या दुपारी तहानेनं गेला होता.

चौकशी बसली. होल्गिनहून एक तंत्रज्ञ आला, त्यानं पाच होड्या मशीनमध्ये घालून बघितल्या, यादी नीट टिकली. त्यानं लिहिलं, मशीन ठणठणीत. म्हणजे मिरेयानं होडी लिहिलीच नाही, आणि आता गळ्याशी आल्यावर मशीनवर ढकलते. तिला कामावरून काढलं. तुरुंगाची भाषा सुरू झाली. चौकशीचे प्रमुख कॉम्रेड अरोचा, त्यांनी शुक्रवारी निकाल ठेवला.

बुधवारी मिरेया नीउर्काच्या दारात आली. डोळे सुजलेले.

"नीउर्का, दोनदा पडला गं. आईशप्पथ. मला वेड लागलं नाही."

"मग तिसऱ्यांदा पडू दे," नीउर्का म्हणाली. स्टूल उचललं आणि निघाली.

अरोचांनी परवानगी दिली, कपाळाला आठ्या घालून. "होल्गिनच्या माणसाला दिसलं नाही ते तुला दिसणार का?"

"त्यांनी पाच होड्या घातल्या, कॉम्रेड. त्या दिवशी एकाहत्तर होत्या."

मिरेया नावं वाचत गेली, नीउर्का घालत गेली. तीस. चाळीस. पन्नास. दर दहाला सेव्ह. साठला टिकली. मग एकेक. चौसष्टला टिकली. पासष्टावी घातली, सेव्ह केलं आणि खिडकी मिटली. मिरेयानं तोंडावर हात धरला आणि तिथंच खाली बसली.

"रडू नकोस. अजून दोनदा बघायचंय."

अजून दोनदा तसंच. चौसष्टला ठीक, पासष्टाला खलास. बिचारी त्या दिवशी तिसऱ्या वेळी चौसष्टवर थांबली म्हणून तर यादी टिकली होती. अठ्ठावन्न नंबर तिला आठवला असता तर प्रोग्राम पुन्हा पडला असता.

पण का? प्रोग्राम तर सहा वर्षं चालत होता. नीउर्कानं दुसरं काहीतरी उघडलं, साधं पत्र लिहायचं. छोटं पत्र टिकलं. भलंमोठं लिहिलं, पडलं. आकड्यांचा तक्ता उघडला. चार ओळींचा चालला, लांब केला तर पडला. तीन वेगळे प्रोग्राम, वेगवेगळ्या माणसांनी बनवलेले, आणि पडायची तऱ्हा एकच.

तिला रिगोचं एक बोलणं आठवलं. ती लहान असताना किनाऱ्यावर तीन नव्या होड्या एकाच आठवड्यात गळायला लागल्या होत्या. सगळे फळ्या तपासत बसले. रिगोनं फळीकडं बघितलंही नाही. तो म्हणाला होता, "तीन होड्या एकसारख्या गळतात तेव्हा होडीत नाही बघायचं. खिळ्यांच्या डब्यात बघायचं. तिन्हींचे खिळे त्याच डब्यातले."

मशीनमध्येही तसंच असतं. प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाहीत. मजकूर इकडून तिकडं हलवणं, मोजणं, रांग लावणं, असली कामं खाली बसलेली एक सामायिक लायब्ररी करते, सगळेच तिला हाक मारतात. मशीनच्या नोंदवहीत तिन्ही वेळा पडताना एकाच फाइलीचं नाव होतं. तीच लायब्ररी. नीउर्कानं क्लबातल्या मशीनवरची तीच फाइल काढून शेजारी ठेवली. नाव एकच. वजन वेगळं. इथली फाइल कुणीतरी बदललेली होती, तारीख सतरा एप्रिल.

तिनं त्या फाइलीचा ठसा काढला. बोटाच्या ठशासारखा प्रत्येक फाइलीचा एक लांबलचक आकडा निघतो. तो कागदावर लिहून घेतला. मग तारीख पुन्हा वाचली. सतरा एप्रिल. पेरूची वडी.

"सापडलं का काही?" मिरेयानं विचारलं.

"सापडलं. तू खोटं बोलली नाहीस." तिनं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघाली.

घरी येऊन तिनं खण उघडला. खणात तिची मेमरी स्टिक होती, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर तिच्याच अक्षरात: फक्त घरच्या मशीनसाठी. त्यांच्याही एका मायामीतल्या मावशीनं घरी नवं मशीन पाठवलं होतं. त्याच्या प्रोसेसरला नवे हुकूम कळायचे, म्हणून नीउर्कानं ही लायब्ररी स्वतः खास त्याच्यापुरती बनवली होती. काम थोडं असलं की ती जुन्या वाटेनं करायची, जास्त झालं की नव्या हुकमांच्या जलद वाटेनं. घरच्या मशीनवर पळायची नुसती. बंदरावरच्या बारा वर्षांच्या मशीनला ते हुकूम माहीतच नव्हते. चौसष्टपर्यंत जुनी वाट. पासष्टाला नवी.

तिनं स्टिकवरच्या फाइलीचा ठसा काढला. आकडा न् आकडा जुळला.

रिगो त्याच टेबलाशी बसून भात आणि काळे घेवडे खात होता.

"रिगो, बंदरावरच्या मशीनमध्ये तू काय घातलंस?"

"तुझंच औषध!" त्याचा चेहरा उजळला. "खिडकीचं दार बसवायला गेलो होतो. मिरेया म्हणाली नकाशा उघडत नाही, तुझ्या क्लबाकडं अर्ज देऊन आठ दिवस झाले. म्हटलं, अर्ज कशाला, घरात देव बसलाय. स्टिक आणली. तू करतेस तसं, पडद्यावर काळी खिडकी उघडली, तीन ओळी टाकल्या. दहा वेळा बघितलंय मी. सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवलं होतं. आणि उघडला की नकाशा!"

"चिकटपट्टीवर काय लिहिलंय?"

"वाचलं ना. म्हटलं, बारकी लाजते. नेहमीचंच तुझं, चांगली वस्तू झाकून ठेवायची. आपल्या मशीनला चालतं ते त्यांच्या डबड्याला का नाही चालणार?"

ती त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. चौसष्ट, पासष्ट, सगळं. त्याला हुकूम-बिकूम कळले नसतील. पण त्याचा घास थांबला.

"एउसेबिओ?" तो म्हणाला.

"हो."

तो ताटाकडं बघत म्हणाला, "ती होडी मी बांधलेली. वाल्फ्रीदो सांगत होता, चार दिवसांत आत पाण्याचा थेंब आला नाही." आणि बोलल्यावर त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. त्यानं ताट सरकवलं.

"आता?" त्यानं विचारलं.

"मिरेयाला तुरुंगात जाऊ द्यायचं नाही. अहवाल मी लिहिते."

तिनं लिहिला. फाइल माझी, माझ्या हातची. माझ्या घरातून बंदराच्या मशीनवर गेली. स्टिक कुलपात ठेवायची ती ठेवली नाही, हा निष्काळजीपणा माझा. भावाचं नाव कुठंच नव्हतं. ज्यानं चार वर्षं सायकलच्या दांडीवर नेलं त्याचं नाव लिहायला हात उचलला नाही तिचा.

शुक्रवारी सकाळी मच्छीमारांच्या सभागृहात गाव जमलं. पंखा बंद, सगळे कागदानं वारा घेतायत. फेलिसिया पहिल्या रांगेत, काळ्या कपड्यात. रिगो शेवटी दाराशी उभा. अरोचांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"म्हणजे कारकून निर्दोष. दोष तंत्रज्ञ नीउर्काचा. खेदानं म्हणावं लागतं, जिला आपण जाणकार समजत होतो तिला आपलं काम येत नव्हतं."

"काय म्हणालात?" मागून आवाज आला.

"कॉम्रेड, शांत बसा."

"उभाच आहे मी. परत म्हणा. कुणाला काम येत नव्हतं?"

"रिगो, गप," नीउर्का म्हणाली.

"तू गप बस. आयुष्यात एकदा तरी मोठ्या भावाचं ऐक." तो रांगांमधून पुढं आला. "तिनं लिहून ठेवलं होतं, मोठ्या अक्षरात. मी वाचलं, आणि वाचून घातलं. तिला विचारलं नाही, कुणाला विचारलं नाही. या पोरीच्या हातून आजवर एक मशीन बिघडलेलं नाही. हे लिहा आधी. मग खाली माझं नाव लिहा. रिगोबेर्तो, सुतार."

तेव्हाही त्याची छाती बाहेरच होती. नीउर्काला रडू यायचं ते आलं नाही, उलट क्षणभर तिला त्याचा अभिमान वाटला, आणि दुसऱ्याच क्षणी फेलिसिया मान वळवून बोलली. आवाज चढवला नाही तिनं.

"दोन दिवस मी त्या खिडकीशी उभी होते, रिगो. दुसऱ्या दिवशी तू तिथनं गेलास. आठवतंय? मी म्हटलं, अरे, काहीतरी कर, लाँच सोडायला सांग. काय म्हणालास मला?"

रिगो दाराकडं बघायला लागला.

"सांग की. मोठ्यानं बोलता येतं ना तुला?"

"म्हणालो..." त्यानं ओठ ओले केले. "म्हणालो, मशीन म्हणतंय होडी आत आहे, म्हणजे आत आहे. माझ्या बहिणीच्या हाताखालचं मशीन आहे ते. चुकायचं नाही."

"आणि मी घरी गेले," फेलिसिया म्हणाली. "तुझ्यावर विश्वास ठेवून. अर्धा दिवस घरी बसले."

सभागृहात कागद हलायचे थांबले. रिगोबेर्तोला गावानं कधी गप्प बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. खांदे असे खाली आले की त्याचा सदरा मोठा दिसायला लागला.

त्याला दोन वर्षं शेतावरची सक्तमजुरी झाली. नीउर्काला सरकारी मशीनला हात लावायला कायमची बंदी आली, क्लबातलं काम गेलं. अरोचांनी कागदावर तिच्याबद्दल ते वाक्य मात्र लिहिलं, रिगोनं सांगितलं तसं. मिरेयाला खुर्ची परत मिळाली. तिनं नीउर्काचे आभार मानले नाहीत, आणि नीउर्कालाही ते बरंच वाटलं.

भाऊ शेतावर मजुरीला गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी नीउर्कानं टेबल उलटं केलं. चारही पाय सोडवले, हातगाडीवर फळी टाकली आणि भर उन्हात बंदरावर ओढत नेली. मिरेया खिडकीतून बघत होती.

"हे काय?"

"तुझी फळी. मशीन राहू दे. ही पण राहू दे."

मिरेयानं दार उघडलं. दोघींनी मिळून ती जुन्या जागी ठोकली. भिंतीवर तिची फिकट चौकट अजून होती, त्यात बरोबर बसली. नव्वद भोकांत नव्वद खिळे मारायला दुपार गेली. हातोडी रिगोची होती, दांडा त्याच्या तळव्यानं घासलेला. मिरेयानं दुधाच्या डब्यांचे पत्रे कापून बिल्ले केले, त्यावर नंबर ठोकले. त्या वेळी बाहेर एकोणीस होड्या होत्या. तिनं एकोणीस बिल्ले अडकवले, मोजले. मग अठ्ठावन्न नंबरचा उचलला आणि त्याच्या खिळ्याला अडकवला.

"ती होडी आत आहे, मिरेया," नीउर्का म्हणाली. "किनाऱ्यावर पालथी पडलीय."

"माहितीय मला."

"मग?"

"फेलिसिया रोज येते खिडकीशी," मिरेया म्हणाली. "अजून येते. तिला मी कसं सांगू तो आत आहे म्हणून?"

नीउर्कानं हातोडी पिशवीत टाकली. घरी आता टेबल नव्हतं. कुणाचं तरी बंद पडलेलं मशीन दाराशी ठेवलेलं होतं. ते तिनं जमिनीवर मांडलं आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मशीनवाला माणूस घाईत होता.

"कधी होईल?"

"याच्यात कुणी काय घातलंय ते आधी सांग," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग. घरातल्या माणसानं घातलं असेल तर तेही सांग."